नोकरी मिळाली, व्हिसाही मिळाला, घराचे काय?

विशेष प्रतिनिधी

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार झाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांना तेथे पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतातील कुशल कर्मचाऱ्यांना द्यावयाच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. तेव्हापासून पुण्या-मुंबईत, नाशिकमध्ये जर्मन भाषेचे वर्ग, पगाराचे आकडे आणि व्हिसाचे नियम यांची चर्चा घरोघरी सुरू आहे. मात्र या चर्चेत एक प्रश्न सहसा शेवटी येतो आणि बहुतेक कुटुंबांना तोच सर्वाधिक छळतो. तो म्हणजे तेथे राहायचे कोठे?

एकट्या तरुणाला एखादी खोली मिळून जाते. पण तिशी-पस्तिशीतील अभियंता, त्याची नोकरी करणारी पत्नी आणि शाळकरी मुले असे कुटुंब निघाले की गणित बदलते. येथील नोकरीचा राजीनामा, मुलांचा शाळेचा दाखला, राहत्या सदनिकेचा निर्णय हे सारे एका अशा घराच्या भरवशावर करायचे असते, जे अद्याप कोणी पाहिलेलेच नसते. 'घर पाहावे बांधून' ही म्हण आपल्याकडे आहे. परदेशी निघालेल्यांसाठी ती 'घर पाहावे भाड्याने घेऊन' अशी बदलावी लागेल.

कायदा सैल, बाजार घट्ट

जर्मनीत कुटुंबाला बोलावून घ्यायचे तर पुरेशी जागा असल्याचा पुरावा द्यावा लागतो, हा तेथील जुना नियम. सहा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीमागे १२ चौरस मीटर आणि त्याखालील मुलामागे १० चौरस मीटर असा सर्वसाधारण निकष आहे. आई-वडील, आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी अशा चौकोनी कुटुंबाला या हिशेबाने ४६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४९५ चौरस फूट जागा लागते. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कायद्याने ब्ल्यू कार्डधारक तसेच मान्यताप्राप्त पदवी वा व्यावसायिक पात्रतेवर आलेल्या कर्मचाऱ्यांच्या जोडीदाराला व अल्पवयीन मुलांना या पुराव्यातून सूट दिली.

ही सवलत स्वागतार्हच आहे. पण तिचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. घराची चौकशी करणे सरकारने सोडले, म्हणून घरे वाढलेली नाहीत. २०२१ मध्ये सत्तेवर आलेल्या जर्मन आघाडी सरकारने दरवर्षी चार लाख नवी घरे बांधण्याचे लक्ष्य ठेवले होते. प्रत्यक्षात २०२४ मध्ये सुमारे २ लाख ५२ हजार घरेच पूर्ण झाली. २०२२ च्या जनगणनेत देशभर सुमारे १९ लाख घरे, म्हणजे ४.३ टक्के, रिकामी आढळली. परंतु जेथे रोजगार आहे तेथे घर नाही आणि जेथे घर आहे तेथे रोजगार नाही, अशी स्थिती आहे. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. त्यामुळे स्टुटगार्ट, म्युनिक किंवा फ्रँकफुर्टमध्ये तीन खोल्यांच्या घरासाठी आपला स्पर्धक दुसरा परदेशी नसतो, तर स्थानिक जर्मन कुटुंबच असते. आधी जे दार व्हिसा कार्यालयात अडत होते, ते आता घरमालकाच्या उंबरठ्यावर अडते, एवढाच फरक पडला आहे.

आधी पत्ता, मग सर्व काही

जर्मन व्यवस्थेत पत्त्याला विलक्षण महत्त्व आहे. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंदणी करावी लागते. या नोंदणीला 'आनमेल्डुंग' म्हणतात आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र आवश्यक असते. प्राप्तिकराचा क्रमांक याच पत्त्यावर टपालाने येतो. निवास परवान्याची पुढील कार्यवाही, पाळणाघरासाठीचा अर्ज या साऱ्या गोष्टी याच नोंदणीवर अवलंबून असतात. टपालपेटीवर आपल्या नावाची पाटी नसेल, तर सरकारी पत्र परत जाते.

म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांसाठी तात्पुरती सुसज्ज जागा घेताना भाड्यापेक्षा एक प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. या पत्त्यावर नोंदणी करता येईल काय? पर्यटकांसाठीच्या अनेक सदनिकांचे मालक असे प्रमाणपत्र देत नाहीत. स्वस्त जागा मिळाली, पण नोंदणी नाही, अशा अवस्थेत महिना गेला तर पगार सुरू होऊनही कागदपत्रे अडून राहतात. नोकरी देणारी कंपनी महिनाभराच्या निवासाची सोय करीत असेल, तर हे उत्तर तिच्याकडून लेखी घ्यावे.

शाळेचा प्रश्नही पत्त्याशीच बांधलेला आहे. जर्मनीत शालेय शिक्षण सक्तीचे असून, अनेक ठिकाणी प्राथमिक शाळा घराच्या परिसरानुसार ठरते. म्हणजे आपल्याकडे चांगली शाळा पाहून घर घेतात, तेथे घर ठरले की शाळा ठरते. लहान मुलांना वयाच्या पहिल्या वर्षापासून पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून कायद्याने दिला आहे. प्रत्यक्षात मात्र प्रतीक्षायादी लांब असते. ब्ल्यू कार्डधारकाच्या पत्नीला तेथे नोकरी करण्याची मुभा असते, पण पाळणाघर मिळाले नाही तर ती मुभा कागदावरच राहते. कुटुंबाच्या दुसऱ्या पगाराचे भवितव्य असे घराच्या पत्त्यावर अवलंबून असते.

चौरस फुटांचा आणि पैशांचा हिशेब

जाहिरातीतील शब्द समजून घेतले नाहीत तर अंदाज चुकतो. जर्मनीतील 'तीन खोल्यांचे घर' म्हणजे आपल्याकडील टू बीएचके. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर खोल्यांत मोजले जात नाही. क्षेत्रफळ साधारणपणे आपल्या कार्पेट एरियासारखे, प्रत्यक्ष वापराचे असते. बाल्कनीचा सहसा चौथा हिस्साच त्यात धरतात. 'स्वयंपाकघर' असे लिहिलेल्या जागेत पुष्कळदा केवळ नळाची जोडणी असते. ओटा, कपाटे, शेगडी भाडेकरूने स्वतः बसवायची किंवा जुन्या भाडेकरूकडून विकत घ्यायची. हा खर्च अनेक कुटुंबांच्या अंदाजपत्रकात नसतो.

भाडेही दोन प्रकारे सांगितले जाते. 'काल्टमिटे' म्हणजे निव्वळ भाडे, तर 'वार्ममिटे' म्हणजे तापविण्याचा आणि देखभालीचा खर्च धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा यातही नसते. अनामत रक्कम कायद्याने निव्वळ भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. समजा निव्वळ भाडे १,२०० युरो आणि सर्व मिळून १,५०० युरो असेल, तर ३,६०० युरो अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे मिळून ५,१०० युरो होतात. युरोचा भाव शंभर रुपये धरला तर ही रक्कम पाच लाखांच्या वर जाते, आणि तीही पहिला पगार हाती येण्यापूर्वी. हप्त्याचा हक्क वापरला तर सुरुवातीचा भार २,७०० युरोंवर येतो. दलालाच्या बाबतीत तेथील कायदा आपल्यापेक्षा स्पष्ट आहे. २०१५ पासून भाड्याच्या घरात ज्याने दलाल नेमला, त्यानेच त्याचे शुल्क द्यायचे. पुण्यात दोन्ही बाजूंकडून एकेक महिन्याचे भाडे घेण्याची प्रथा पाहता हा मोठाच दिलासा म्हणावा लागेल.

विश्वासाची कसोटी

घर पुण्यात बसूनच का ठरवता येत नाही, याचे उत्तर 'शूफा' या शब्दात आहे. आपल्याकडील सिबिलसारखीच ही पतनोंद असते. घरमालक ती नोंद, मागील तीन महिन्यांची वेतनपत्रके आणि प्रत्यक्ष भेट मागतो. नव्याने येणाऱ्याकडे यांपैकी काहीच नसते. अशा वेळी नोकरीचा करार, पगार नमूद केलेले कंपनीचे पत्र, बँकेचे विवरण, येथील घरमालकाचे शिफारसपत्र आणि कुटुंबाची जर्मन भाषेतील छोटी ओळख अशी संचिका तयार ठेवली, तर निदान विचार होतो. कंपनीने स्वतःच्या नावे घर घेतले किंवा हमी दिली, तर काम अधिक सोपे होते.

याच अगतिकतेवर भामटे जगतात. मोक्याच्या भागातील देखणे घर, बाजारभावापेक्षा बरेच कमी भाडे, 'मी सध्या परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असा मजकूर ही त्यांची ठरलेली पद्धत आहे. कधी पारपत्राची प्रतही मागितली जाते आणि ती पुढे दुसऱ्याला फसविण्यासाठी वापरली जाते. हजारो मैलांवरून पोलिसांत तक्रार करून पैसे परत मिळणे दुरापास्तच. घर स्वतः किंवा विश्वासू माणसाने पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नये, हा नियम मोडण्याचे कोणतेही कारण पुरेसे नाही. बृहन्महाराष्ट्रातील आणि परदेशातील मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या बरोबरीने 'घर पाहून देणारा माणूस' मिळवून दिला, तर नवागतांवर त्यांचे मोठे उपकार होतील.

एकाने आधी जावे

या साऱ्याचा व्यवहारी निष्कर्ष असा की, संपूर्ण कुटुंबाने एकदम निघण्याऐवजी नोकरी करणाऱ्याने आधी जावे. शालेय वेळापत्रकही त्याला अनुकूल आहे. महाराष्ट्रात वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आटोपतात, तर बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये नवे शालेय वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते. मधले चार-पाच महिने घर शोधण्यासाठी हाताशी राहतात. शोध केवळ मुख्य शहरात न ठेवता लुडविग्सबुर्ग, एसलिंगन, बोब्लिंगन यांसारख्या लोकल रेल्वेने जोडलेल्या गावांपर्यंत नेला, तर संधी वाढते. या काळात दोन घरांचा खर्च पडतो हे खरे, पण घाईने घेतलेल्या चुकीच्या घराहून तो स्वस्त ठरतो. जर्मनीत भाडेकरूची सूचना मुदत साधारण तीन महिन्यांची असते आणि करारात ठरावीक काळ घर न सोडण्याची अटही असू शकते. येथील सदनिका भाड्याने देऊन निघणाऱ्यांनी, मालक अनिवासी झाल्यावर भाडेकरूला भाड्यातून कर कापावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

जबाबदारी कोणाची?

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरे आहेत. चाकणमध्ये मर्सिडीजचा, नाशिकमध्ये बॉशचा कारखाना आहे. दोन राज्यांतील हे नाते जुने असताना नव्या करारांत माणसे किती जाणार याचा आकडा असतो, ती राहणार कोठे याचे उत्तर ठळकपणे दिसत नाही. भाषेच्या प्रशिक्षणासोबत भाडेकरार वाचण्याचे, हक्क जाणण्याचे आणि तेथील शेजारधर्माचे प्रशिक्षणही द्यायला हवे. स्वाबिया भागात जिना झाडण्याची पाळी दर आठवड्याला एकेका कुटुंबाकडे येते, हे आधी कळले तर शेजाऱ्यांशी पहिला खटका टळतो.

दुसरीकडे, आपणही आरशात पाहिले पाहिजे. पुण्या-मुंबईत आपणच घरमालक असतो तेव्हा भाडेकरूचे आडनाव, आहार आणि प्रांत विचारतो. तेच कुटुंब परदेशात अर्जदार बनते, तेव्हा नावावरून उत्तर न आल्याचा सल त्याला बोचतो. जर्मनीत २००६ च्या समानता कायद्याने वंशाच्या आधारे घर नाकारण्यास बंदी आहे, तरी नकाराचे खरे कारण सिद्ध करणे तेथेही सोपे नाही.

कुशल माणूस हवा असेल तर त्याचे कुटुंबही हवे, हे जर्मनीने कायद्यात मान्य केले आहे. आता नोकरीच्या प्रस्तावपत्रात पगाराच्या खालच्या ओळीत घराची हमी असावी, असा आग्रह उमेदवारांनी आणि करार करणाऱ्या शासनाने धरायला हवा. तो आग्रह सही करण्यापूर्वीच धरता येतो. विमानात बसल्यावर त्याला काही अर्थ उरत नाही.