वळिवडेची छावणी आणि आपल्याकडे नसलेला कायदा

ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान पोलंडच्या दौऱ्यावर गेले असता राजधानी वॉर्सा येथील काही स्मारकांवर त्यांनी पुष्पचक्रे वाहिली. त्यांपैकी एक स्मारक नवानगरच्या जामसाहेबांचे होते आणि एक कोल्हापूरचे. युरोपातील एका राजधानीत कोल्हापूरच्या नावाचे स्मारक का असावे, असा प्रश्न त्या दिवशी बातम्या पाहताना अनेकांना पडला असेल. आपल्या सावनेर भागातून तर कोल्हापूर फारच दूर. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरमार्गे तेथे पोहोचते तोवर जवळजवळ एक अख्खा दिवस सरलेला असतो. परंतु या स्मारकामागील हकिकत विदर्भातील कॅथलिक कुटुंबांनीही जाणून घ्यावी अशी आहे. युद्धाच्या वणव्यात सापडलेल्या सामान्य माणसाचे रक्षण नेमके कशाने होते, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात दडलेले आहे आणि ते उत्तर सत्कार-समारंभांत सांगितले जाते तेवढे सोपे नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण करून तो देश वाटून घेतला. १९४० व १९४१ या दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानच्या ओसाड प्रदेशांत नेण्यात आले. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा स्टालिनला मित्रांची गरज भासू लागली. ३० जुलै १९४१ रोजी लंडनस्थित पोलिश सरकार व मॉस्को यांच्यात करार झाला आणि या कैद्यांना ‘माफी’ देण्यात आली. ज्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता त्यांना माफी! जनरल आंदेर्स यांच्या सेनेबरोबर १९४२ मध्ये लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणमध्ये उतरली. त्यांत हजारो स्त्रिया, वृद्ध आणि पोरकी झालेली बालके होती. सैनिक पुढे आघाडीवर गेले. उरलेल्यांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न होता.

काही पूर्व आफ्रिकेत गेले, काही मेक्सिकोत, काही न्यूझीलंडमध्ये. भारतात जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळील बालाचडी येथे शेकडो अनाथ मुलांना आश्रय दिला. सर्वांत मोठी वसाहत मात्र आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरपासून काही किलोमीटरवरील वळिवडे येथे १९४३ साली उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे तेथे पाच वर्षे राहिली. लांबलचक बराकींतून प्रत्येक कुटुंबाला आपापल्या खोल्या व स्वयंपाकाची जागा मिळाली. शाळा, रुग्णालय, टपाल कचेरी, बालवीरांची पथके, नाट्यगृह असे सारे तेथे होते. देवालयही होते. ज्यांना वनवासात उघडपणे प्रार्थना करणेही दुरापास्त झाले होते, त्यांनी पंचगंगेच्या परिसरात आपल्या मातृभाषेत भक्तिगीते गायिली आणि कित्येक मुलांनी आपला प्रथम ख्रिस्तप्रसाद येथेच स्वीकारला. आजारी मुलांना हवापालटासाठी पाचगणीस नेले जाई. जे वाचले नाहीत त्यांच्या कबरी आजही कोल्हापुरात आहेत. एका पोलिश तरुणीने तर कोल्हापूरकराशी विवाह केला आणि ती अखेरपर्यंत तेथेच राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवडे येथे स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा एके काळी तेथे बागडलेली आणि आता ऐंशी-नव्वदीला टेकलेली काही माणसे मुद्दाम युरोपातून आली होती.

एवढे सांगून आपण सहसा थांबतो. ‘अतिथी देवो भव’ म्हणतो आणि अभिमानाने मान उंचावतो. कोल्हापूरच्या जनतेने परक्यांना आपलेसे केले, याबद्दल अभिमान वाटावाच. तथापि केवळ आतिथ्याने पाच हजार माणसे पाच वर्षे जगत नाहीत.

वळिवडेची छावणी चालली, कारण तिच्यामागे करार होता. खर्चाची जबाबदारी लंडनमधील पोलिश सरकारने घेतली होती. जागा व परवानगी यांबाबत दिल्लीचे ब्रिटिश सरकार व कोल्हापूर संस्थान यांची संमती होती. मुंबईत पोलंडचा वाणिज्य दूतावास होता, रेडक्रॉसचे प्रतिनिधी होते. म्हणजेच प्रत्येक निर्वासिताच्या नावाची नोंद करणारे, त्याच्या वतीने बोलणारे व त्याच्या भाकरीचा हिशेब देणारे कोणीतरी होते. त्याच वर्षी, १९४३ साली, बंगालमध्ये दुष्काळाने लाखो भारतीय अन्नान्न करीत रस्त्यांवर मरत होते आणि त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांचे लंडनच्या युद्धमंत्रिमंडळात फारसे चालत नव्हते. त्याच काळात पुरंदरच्या किल्ल्यावर जर्मन नागरिक व मिशनरी शत्रुराष्ट्राचे म्हणून नजरकैदेत होते. एकाच सरकारच्या हातून, एकाच काळात, एकीकडे आसरा, दुसरीकडे बंदिवास आणि तिसरीकडे भूक. दया होती, पण ती कोणाला मिळावी हे युद्धाचे राजकारण ठरवीत होते.

हे राजकारण फिरले तेव्हा काय झाले, हा या हकिकतीतील सर्वांत बोलका भाग आहे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील साम्यवादी वर्चस्वाखालील सरकारला ती दिली. कोल्हापूरजवळच्या त्या बराकींत राहणाऱ्या विधवा व मुले एका रात्रीत कोणाचीच उरली नाहीत. त्यांच्या गावांचा प्रदेशच आता सोव्हिएत संघात गेला होता. परत जा, असा दबाव वाढू लागला. ज्यांनी सैबेरिया पाहिला होता त्यांनी त्याच सत्तेच्या छायेत परत जावे काय?

या प्रश्नाचे उत्तर कोल्हापुरात किंवा दिल्लीत मिळणार नव्हते. ते नव्याने जन्मलेल्या संयुक्त राष्ट्रसंघात मिळाले. फेब्रुवारी १९४६ मध्ये आमसभेच्या पहिल्याच अधिवेशनात ठराव झाला, की ज्यांच्या परतण्याविरुद्ध सयुक्तिक आक्षेप आहेत अशा निर्वासितांना सक्तीने परत पाठवू नये. सोव्हिएत गटाचा या भूमिकेस कडवा विरोध होता. या काळात निर्वासितांचा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाने आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने उचलला. बालाचडीची मुलेही एव्हाना वळिवड्यास आणली गेली होती. काही जण स्वेच्छेने पोलंडला परतले. बहुतेक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांत विखुरले. १९४८ च्या प्रारंभी छावणी रिकामी झाली. एका ठरावाने व दोन संस्थांनी पाच हजार माणसांच्या आयुष्याला दिशा दिली. संयुक्त राष्ट्रसंघ म्हणजे निव्वळ भाषणांचा कारखाना, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

बराकी मात्र फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे त्यांत वसविण्यात आली आणि त्या वसाहतीचे नाव गांधीनगर झाले. आज ती कापडाची मोठी बाजारपेठ आहे. सावनेरहून नागपूरला जाणाऱ्या आपल्या वाचकांना जरीपटक्याची सिंधी वस्ती ठाऊक आहेच. तिची कूळकथा याहून निराळी नाही. फाळणीने सुमारे दीड कोटी माणसे उखडली गेली, परंतु त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना धावून आली नाही. ज्या भिंतींच्या आत पोलिश निर्वासितांचा हिशेब लंडन व जिनिव्हा येथे ठेवला जात होता, त्याच भिंतींच्या आत आलेले सिंधी बांधव जगाच्या दप्तरात निर्वासितच नव्हते. ते भारताचे नागरिक होते. त्यांचे भारताने पाहावे, असा हा हिशेब होता. १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारही १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता आणि मुख्यतः युरोपकडे पाहून लिहिलेला होता. १९६७ मध्ये ही बंधने काढली गेली, पण तोवर नव्या भारताचे मन विटले होते. भारताने हा करार आजतागायत स्वीकारलेला नाही. त्यामागे अन्य कारणेही आहेत. हे एक समजण्यासारखे कारण आहे.

वास्तविक मानवी हक्कांच्या पायाभरणीत भारत पुढे होता. १० डिसेंबर १९४८ च्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ अशी शब्दयोजना व्हावी, असा आग्रह हंसाबेन मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला. छळापासून बचावासाठी दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा हक्क त्याच जाहीरनाम्याच्या चौदाव्या कलमात आहे. युद्धकाळात नागरिकांचे रक्षण करणारा १९४९ चा चौथा जिनिव्हा करार भारताने १९५० मध्येच स्वीकारला आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदाही केला. ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेने गेली. बाराव्या पायस यांनी १९५२ च्या आपल्या पत्रात इजिप्तला पळालेल्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटले. तेविसाव्या जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात त्याही पुढे जाऊन स्पष्ट केले, की नागरिकत्व गमावले म्हणून माणूस आपले हक्क गमावत नाही. येथे शब्द ‘हक्क’ असा आहे, ‘भिक्षा’ असा नाही.

आपल्या देशाने १९५९ नंतर तिबेटींना, १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील सुमारे एक कोटी जिवांना आणि १९८३ नंतर श्रीलंकेतील तमिळांना आसरा दिला. विदर्भातच गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या परिसरात, नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. हे औदार्य कोणीही नाकारणार नाही. परंतु निर्वासित म्हणजे कोण, त्याने अर्ज कोणाकडे करावा, नकार मिळाल्यास दाद कोठे मागावी, हे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली, तरी ही उणीव तशीच राहिली. सप्टेंबर २०२५ च्या सरकारी आदेशाने तिबेटींना, ठरावीक तारखेपूर्वी आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना आणि पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथील सहा धर्मसमाजांच्या लोकांना कागदपत्रांच्या काही अटींतून ‘सूट’ दिली. त्या सहांत ख्रिस्ती समाज आहे. म्हणून आपण निश्चिंत व्हावे काय? सूट आदेशाने मिळते आणि आदेशानेच जाते. वळिवड्याच्या विधवांनी जुलै १९४५ मध्ये हेच अनुभवले.

शिवाय यादीबाहेर राहिलेल्यांचे काय? मे २०२५ मध्ये दिल्लीतून ताब्यात घेतलेल्या काही रोहिंग्यांना म्यानमारजवळ समुद्रात उतरविल्याचा आरोप झाला. त्यांत काही ख्रिस्तीही होते, असे वृत्त होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनी चौकशी सुरू केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र आरोपाच्या सत्यतेविषयी शंका व्यक्त केली. खरे काय ते चौकशीतच ठरावे. प्रश्न एवढाच, की अशा माणसाचे म्हणणे परत पाठविण्यापूर्वी कोणी ऐकून घ्यावे, हे कोठेही लिहिलेले नाही. याच सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमांच्या प्रकरणात निर्वाळा दिला होता, की राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताचे संरक्षण परकीयांनाही आहे.

सीमा उघड्या टाका असे येथे कोणी सुचवीत नाही. दहशतवादाचे भय खरे आहे आणि नोकरीसाठी वणवण करणाऱ्या आपल्या तरुणांची तक्रारही खरी आहे. परंतु १९५१ च्या करारातच युद्धगुन्हेगारांना व गंभीर गुन्हे करणाऱ्यांना संरक्षण नाकारण्याची तरतूद आहे. कायदा असला म्हणजे ‘नाही’ म्हणता येत नाही, असे नव्हे. ‘नाही’ का म्हटले ते सांगावे लागते, इतकेच.

आणि कायदा असूनही मन आखडले तर काय होते, तेही पोलंडच दाखवितो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा पोलिश कुटुंबांनी लाखो युक्रेनियनांना घरात घेतले. युद्धातून निघालेले आपले विद्यार्थीही त्या मार्गाने सुखरूप परतले. मात्र बेलारूसच्या सीमेवरील जंगलांत २०२१ पासून अडकलेल्या आशियाई व आफ्रिकी लोकांसाठी त्याच देशाने भिंत बांधली आणि मार्च २०२५ मध्ये त्या सीमेवर आश्रयाचे अर्ज स्वीकारणेच थांबविता येईल असा कायदा केला. वळिवड्याच्या नातवंडांच्या देशात हे घडावे, याचे दुःख वाटते. तरी तेथे निदान एक करार आहे, ज्यावर बोट ठेवून पोलिश नागरिकच आपल्या सरकारला जाब विचारीत आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित विभागाच्या नोंदीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसे सक्तीने विस्थापित झालेली होती. त्याच विभागाला २०२५ मध्ये श्रीमंत देशांनी, विशेषतः अमेरिकेने, निधी आखडता घेतल्यामुळे हजारो कर्मचारी कमी करावे लागले. गाझा, सुदान, युक्रेन येथील नागरिकांसाठी सुरक्षा समितीत नकाराधिकार आड येतो किंवा एकमत होत नाही. अशा काळात जगातील सर्वांत मोठ्या लोकशाहीने आपल्या घरचा कायदा करणे, ही फार खर्चाची गोष्ट नाही. लोकसभेत शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये आश्रयाविषयी खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही.

सावनेर विधानसभा क्षेत्र रामटेक लोकसभा मतदारसंघात मोडते. पुढील वेळी उमेदवार दारी येतील तेव्हा रस्ते, पाणी व संत्र्याचा भाव यांच्या जोडीने एक प्रश्न त्यांना जरूर विचारावा: वॉर्सातील कोल्हापूरच्या स्मारकावर आपण फुले वाहिली, त्या छावणीतल्यासारखी एखादी विधवा आज आपल्या देशाच्या दारात आली, तर तिने कोणत्या कचेरीत जावे?