व्हाउचर कुठे आहे?

रावेर म्हटले की लोकांना केळी आठवतात. पण पालच्या बाजूने सातपुडा चढू लागला की भिल्ल-पावरांचे पाडे लागतात, आणि तिथल्या काही घरांत सिकलसेल हा आजार पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोर हाडे दुखतात म्हणून रात्रभर कण्हते.

आमच्या नात्यातली एक मुलगी नर्सिंगला आहे. अशा मुलांची शुश्रूषा हा विषय तिने प्रबंधासाठी घेतला. आधी कोणी काय लिहून ठेवले आहे त्याचा आढावा घ्यायचा आणि त्यात चाळीस संदर्भ हवेत, असे तिला सांगण्यात आले. चाळीसच का, ते कोणी सांगितले नाही.

माझी नोकरी बँकेतली. तपासणीला आलेला साहेब खात्यावरची रक्कम पाहून खूश होत नसे. "व्हाउचर दाखवा," म्हणे. संदर्भाचेही तसेच. हल्ली संगणकाला विचारले तर तो लेखक, वर्ष, पान क्रमांकासकट यादी हातात ठेवतो, पण त्यातले काही लेख मुळात लिहिलेच गेलेले नसतात. कर्ज नावावर टाकलेले, कर्जदार मात्र बेपत्ता!

१९९७पासून सर्वांना फुकट खुले असलेले पबमेड हे वैद्यकीय लेखांचे भांडार घरबसल्या पाहता येते. पण तिथे एकच शब्द टाकून भागत नाही. कोणी 'सिकल सेल डिसीज' लिहितो, कोणी 'ॲनिमिया', कोणी 'हिमोग्लोबिनोपॅथी'. तिन्ही शब्द घ्यावेत आणि त्यांना 'नर्सिंग', 'वेदना', 'मुले' हे जोडावेत. एक चांगला लेख सापडला की त्याच्या शेवटच्या यादीतून मागे जावे, आणि पुढे त्याचा आधार कोणी घेतला तेही पाहावे. आपल्या विद्यापीठांतले प्रबंध 'शोधगंगा'वर मिळतात. ते चाळायला कोणी सांगत नाही, ही आपली जुनी खोड.

खरा प्रश्न पुढेच आहे: लेखातले रुग्ण कुठले? १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये ओडिशाच्या आणि जमैकाच्या सिकलसेल रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. ओडिशाच्या रुग्णांत गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक होते, पायावरच्या जखमा कमी होत्या, पण प्लीहा वाढलेली राहण्याचे प्रमाण जास्त होते. म्हणजे केवळ जमैकाचे वाचून आलेली नर्स पाय तपासत बसेल आणि पोट चाचपायचे राहून जाईल. बरे, ओडिशाचेही आंधळेपणाने घेता येत नाही. नागपूरकडच्या मुलांत हाच आजार चांगलाच तीव्र आढळला आहे. मग सातपुड्याच्या पोराला कोणाचे माप लावायचे?

नेमके आपल्या पाड्यांवरचे फारसे हाती लागले नाही, तर तेही आढाव्यात लिहावे: कुठे शोधले, कोणत्या शब्दांनी, कोणत्या तारखेला. चाळीसचा आकडा मग कदाचित भरणार नाही. मार्गदर्शकांनी तो भरवून घेण्याचा हट्ट सोडावा आणि तोंडी परीक्षेत यादीतला कुठलाही एक लेख काढून विचारावे, "यातली मुले कुठली होती, बाई?"