थोडे पाणी, पुष्कळ लक्ष

उन्हाळा सुरू होताच अमेरिकेतील मुलाकडे वा मुलीकडे जाऊन पाच-सहा महिने राहणे, हा अनेक मराठी कुटुंबांतील ज्येष्ठांचा आता परिपाठच झाला आहे. तेथे घर प्रशस्त असते, दिवस मोठा असतो आणि प्रेमालाही काही उणे नसते. उणे असते ते हाताला काम. मुले कचेरीत, नातवंडे शाळेत किंवा शिबिरात. वाहन चालविता येत नाही आणि पायी जाण्याजोगे दुकान जवळ नसते. अशा वेळी घरामागील अंगणातील एखादे झाड फार मोठी सोबत करू शकते. शिकागो, मिलवॉकी, मिनिॲपोलिस यांसारख्या शहरांच्या परिसरात राहणाऱ्या वाचकांसाठी अशाच एका फुलझाडाची ओळख या लेखात करून देत आहोत. त्याचे नाव बटरफ्लाय मिल्कवीड.

हा सारा प्रदेश मूळचा प्रेअरीचा. प्रेअरी म्हणजे उंच गवताचे आणि रानफुलांचे अफाट माळरान. एकट्या इलिनॉय राज्यात एके काळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १८३७ मध्ये जॉन डीअर नावाच्या लोहाराने याच राज्यात पोलादी पात्याचा नांगर घडविला. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली ती काळी माती त्यानंतर झपाट्याने उलथली गेली आणि मक्याची शेते पसरली. मूळच्या उत्तम स्थितीतील प्रेअरी त्या राज्यात आज अवघी अडीच हजार एकरांच्या आसपास उरली आहे. शिकागोजवळील लाइल गावाच्या मॉर्टन आर्बोरेटम या वनस्पतिउद्यानात १९६२ पासून हाताने बी पेरून, रोपे लावून प्रेअरी पुन्हा उभी करण्यात आली. ती अवश्य पाहावी. घराच्या अंगणात तिचा एक लहानसा तुकडा जपणे मात्र कोणालाही शक्य आहे.

बटरफ्लाय मिल्कवीड हे बहुवर्षायू झाड दीड ते दोन फूट उंच वाढते. जून ते ऑगस्ट या काळात त्यावर भगव्या-नारिंगी रंगाच्या फुलांचे तुरे येतात. ही फुले न्याहाळली, तर आपल्याकडील ‘हळदीकुंकू’ नावाच्या झाडाची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. दोन्ही एकाच प्रजातिसमूहातील आहेत. मारुतीला जिची माळ वाहतो ती रुईही याच कुळातील. शेंग उकलली की रेशमी तंतूंचे पंख लावून बी वाऱ्यावर तरंगू लागते. लहानपणी जिच्या मागे आपण धावलो ती ‘म्हातारी’ परदेशातील अंगणात अशी अचानक भेटते.

लागवडीत सर्वांत महत्त्वाचा निर्णय जागेचा. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही, अशी जागा निवडावी. त्या भागातील माती पुष्कळदा चिकण असते. तेव्हा किंचित उंचवटा वा उताराची जागा बरी. या झाडाचे सोटमूळ सरळ खोल जाते. त्यामुळे एकदा लावल्यावर ते हलविलेले त्याला सोसत नाही. जागा विचारपूर्वक ठरवावी आणि मग बदलू नये. दोन रोपांत दीड फुटाचे अंतर ठेवावे.

रोपवाटिकेतून स्थानिक वाणाचे रोप आणून मे महिन्यात लावणे सर्वांत सोपे. बियांपासून वाढवायचे असेल, तर हिवाळ्याची थंडी लागल्याखेरीज बी नीट रुजत नाही. म्हणून ते नोव्हेंबरात अंगणातच अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे, अथवा ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवावे आणि वसंतात पेरावे. बियांपासूनच्या झाडाला फुले येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. त्या काळात जमिनीवर फारसे काही दिसत नाही. झाड आपली सारी शक्ती मुळात साठवीत असते.

पहिल्या वर्षी पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. मूळ खोल गेले की त्याचीही विशेष गरज उरत नाही. खत घालू नये. हिरवळीवर आपोआप पाणी शिंपडणारे नळ रोज चालत असतील, तर त्यांच्या टप्प्यापासून हे झाड दूर ठेवावे. सतत ओल राहिल्यास मूळ कुजते. हे झाड दुष्काळाने क्वचित मरते. मरते ते बहुधा अति पाण्याने.

वसंतात इतर झाडे हिरवी झाली तरी हे मे महिना उजाडेपर्यंत डोके वर काढीत नाही. झाड गेले असे समजून उत्साही मंडळी तेथे कुदळ चालवितात. म्हणून शरदातच त्याच्या जागी एक काठी रोवून खूण ठेवावी. वाळलेल्या काड्या हिवाळाभर तशाच राहू द्याव्यात, म्हणजे जागाही ओळखता येते.

ज्येष्ठांच्या मुक्कामाशी या झाडाचे वेळापत्रक चांगले जुळते. मे महिन्यात आपण पोहोचतो तेव्हा कोंब फुटत असतात, जुलैत फुले, सप्टेंबर-ऑक्टोबरात शेंगा. शेंग हलके दाबताच शिवणीवर उकलली आणि आतील बी तपकिरी दिसले, की ते काढून ठेवावे आणि परतण्यापूर्वी मुलांच्या हाती सोपवावे. आपण पुण्यात वा नागपुरात असू, तेव्हा झाड बर्फाखाली विश्रांती घेत असेल.

या झाडावर येणारा खास पाहुणा म्हणजे मोनार्क फुलपाखरू. त्याच्या सुरवंटाला मिल्कवीडच्या गटातील वनस्पतींखेरीज दुसरे अन्न चालत नाही. मादी पानांवर, बहुधा पानाखाली, टाचणीच्या डोक्याएवढे फिकट अंडे घालते. तीन-चार दिवसांत काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेला सुरवंट बाहेर पडतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभरात पुरा होतो. उन्हाळ्याच्या अखेरीस जन्मणारी पिढी हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोतील डोंगरांवर हिवाळा काढण्यास जाते. सुरवंटांनी पाने कुरतडली तर घाबरू नये. झाड पुन्हा पालवते. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पडल्यास आधी अंडी व सुरवंट नाहीत हे पाहून पाण्याची धार मारावी. कीटकनाशक मुळीच फवारू नये. त्याने सुरवंटही मरतात.

आता आरोग्याविषयी. या वनस्पतींच्या समूहाला लिनियसने ग्रीकांच्या वैद्यकदेवतेवरून ‘ॲस्क्लेपियस’ हे नाव दिले. बटरफ्लाय मिल्कवीडचे मूळ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फुप्फुसाच्या आवरणाच्या सुजेवर औषध म्हणून वापरले जाई. परंतु ते वाचून कोणीही घरगुती काढा करू नये. या समूहातील वनस्पतींत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. डिगॉक्सिनसारखे हृदयाचे औषध घेणाऱ्यांना तर याचा धोका अधिकच. झाडाचा कोणताही भाग पोटात जाऊ नये, आणि स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती वा लहान मूल घरात असल्यास याकडे विशेष लक्ष ठेवावे. चिकाचा हात डोळ्यांना लावू नये. काम हातमोजे घालून करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

वेळ सकाळची निवडावी. तेथील जुलैचे ऊनही सौम्य नसते. गुडघे दुखत असतील तर खाली न बसता बुटक्या स्टुलाचा आधार घ्यावा आणि उठताना घाई करू नये. झारी अर्धीच भरावी. पायमोजे व लांब विजार घालावी, आणि घरात आल्यावर कानामागे, गुडघ्यामागे गोचीड चिकटली नाही ना, हे पाहावे. त्या भागात गोचिडीमुळे लाइम रोगाचा संसर्ग होऊ शकतो.

या झाडाची निगा राखणे म्हणजे मुख्यतः पाहणे होय. हात लावण्याजोगे काम थोडेच. आज किती कळ्या, कोणत्या पानाखाली अंडे, कालचा सुरवंट कोठे गेला, हे एका वहीत तारखेनिशी लिहावे. नातवंडे शाळेतून परतली की त्यांना सांगण्याजोगे काही हाती असते, आणि ते सांगणारे घरात आपण एकटेच असतो. वयाच्या सत्तरीत परक्या देशात गेलेल्या माणसाला याची किती गरज असते, हे काळजी घेणाऱ्यांनी समजून घ्यावे.

त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘आई, तुम्ही बसा, मी करते’, ‘बाबा, तुम्ही दमाल’, ही वाक्ये मायेपोटीच येतात. पण दिवसभरात ती दहा वेळा ऐकणाऱ्याच्या मनात आपण येथे कशासाठी आहोत, असा प्रश्न उभा राहतो. अंगणाची वाट निसरडी नाही ना, आधाराला कठडा आहे ना, हे पाहणे आपले काम. झारी कोणाच्या हातात असावी, हे त्यांना ठरवू द्यावे. पाणी चुकून एक दिवस जास्त पडले, तर झाड तेवढे सोसते.

शेवटी एक सूचना. हे बी सामानातून भारतात आणू नये. त्यासाठी वनस्पती-संगरोधाची परवानगी लागते, आणि महाराष्ट्रातील बहुतेक भागांत या झाडाला हवी तशी थंडीही मिळत नाही. त्याची आवश्यकताही नाही. आपल्याकडील पडीक जागेतील रुई जरा निरखून पाहावी. मोनार्कचे भावंड असलेले प्लेन टायगर फुलपाखरू तिच्या पानांवर अंडी घालते. तेथे सुरू केलेली वही येथे तशीच पुढे चालविता येईल.