सांधा जखडण्यापूर्वी

भालकी तालुक्यातील आमच्या मेहकर परिसरात सपाट पाऊल ही शाळकरी मुलांची तक्रार समजली जाते. पालक महागडे बूट घेतात, क्वचित शस्त्रक्रियेचीही चौकशी करतात. माझ्या मते ही काळजी चुकीच्या पायावर खर्च होते. आपल्याच राज्यातील राव व जोसेफ या अस्थिशल्यचिकित्सकांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत अवघे २.८ टक्के सपाट पाऊल आढळले. बंद बुटांत सर्वाधिक. चवड्यावर उभे राहताच कमान दिसत असेल आणि पाऊल दुखत नसेल, तर बूट नकोत, सुरी तर नकोच. ताठ वा दुखरे पाऊल अर्थातच निराळे.

खरी उपेक्षा होते ती पन्नाशीतल्या स्त्रीची. घोट्याच्या आतल्या बाजूस सूज येते, कमान खचते, टाच बाहेर कलते. आणि आपण संधिवात म्हणून गोळ्या देतो. मीही वर्षानुवर्षे दिल्या. कमान तोलून धरणारी टिबिआलिस पोस्टीरिअर ही कंडरा निकामी होत आहे, हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. भिंतीचा आधार देऊन रुग्णास एकाच पायाच्या चवड्यावर उभे करावे. टाच उचलली जात नसेल, तर शंका घ्यावी. एवढ्यासाठी लुगडे घोट्यावर घ्यावयास सांगावे लागते, आणि तेच आपण संकोचाने वा घाईने टाळतो.

पाऊल हाताने सरळ होते तोवर मार्ग मोकळे असतात. आधाराने भागले नाही, तर बोटे वाकवणारी शेजारची कंडरा तिच्या जागी जोडून आणि टाचेचे हाड कापून आत सरकवून सांधे वाचवता येतात. पाऊल ताठरले की बहुधा घोट्याखालचे तीन सांधे जखडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्याने वेदना शमते, हे मान्य. परंतु पाऊल आत-बाहेर कलण्याची क्षमताही जाते. डांबरी रस्त्यावर ती उणीव फारशी जाणवत नाही. काळ्या रानातील ढेकळांवर, तुरीच्या ओळींत, बांधावर जाणवते.

म्हणून मोठ्या रुग्णालयास चिठ्ठी देताना मी आता रुग्णाचा व्यवसाय आवर्जून लिहितो. पुढे दोन-तीन महिने पाय प्लास्टरमध्ये राहणार. पेरणीच्या तोंडावर कोणती शेतकरीण तयार होईल? तारीख तिला विचारूनच मागावी.