आधी लास्ट पोस्ट, मग राउज

रायपूरला बदली झाल्याचं कळलं तेव्हा घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बर्फ नाही, डोंगर नाही, चौकीवर चढून जायचं नाही. खरंच आहे ते. इथे ऊन आहे, भाताची शेतं आहेत आणि तलाव आहेत. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी बूढा तालाब नाहीतर तेलीबांध्याच्या काठावर चक्कर मारायची, गाडीवर गुपचुप खायची (आपली पाणीपुरीच, नाव तेवढं वेगळं) आणि रोल कॉलच्या आधी परत यायचं. यापेक्षा सोपं पोस्टिंग मी नोकरीत पाहिलेलं नाही.

इथे मराठी कानावर पडेल असं मात्र वाटलं नव्हतं. मग हळूहळू कळत गेलं. छत्तीसगडवर एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार ज्या प्रांतातून चाले, त्याची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे तीन-चार पिढ्यांपासून इथे राहणारी मराठी घरं बरीच आहेत. बोलताना मध्येच हिंदी येतं, पण गणपती, हळदीकुंकू, दिवाळीचा फराळ सगळं शाबूत आहे. अशाच एका घरच्या ओळखीतून ३ जानेवारीच्या कार्यक्रमाचं निमंत्रण आलं. सावित्रीबाई फुल्यांची जयंती. मी सातारा जिल्ह्यातला, आणि सावित्रीबाईंचं माहेर नायगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. म्हटलं, जायलाच हवं. बरोबर दुर्गकडचा एक हवालदार आला. त्याला मराठीचा गंध नाही. जेवण आहे म्हटल्यावर तयार झाला.

भाषणं झाली. मग एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. नऊवारी लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, हातात एक मातीचं टिटवं. बाकी स्टेजवर काही नाही. वीस मिनिटांचं स्वगत त्यांनी स्वतः लिहिलं होतं.

सुरुवात होती २८ नोव्हेंबर १८९० या दिवशी. जोतिराव गेलेत. अंत्ययात्रा निघायची आहे आणि टिटवं कोणी धरायचं यावर भाऊबंदांचा वाद चाललाय. मुलगा यशवंत दत्तक, म्हणून त्याचा हक्क त्यांना मान्य नाही. तेव्हा सावित्रीबाई पुढे होतात आणि टिटवं स्वतः उचलतात. हा इतिहास आहे, आपण वाचलेला असतो. पण त्या बाई टिटवं दोन्ही हातांत धरून नुसत्या उभ्या राहिल्या. बराच वेळ बोलल्याच नाहीत. मागच्या रांगेतली पोरंही चिडीचूप झाली.

मग त्या बोलू लागल्या, हिशेब सांगितल्यासारखं. काय काय गेलं ते. १८४८ मध्ये शाळा काढली, तर रस्त्यात अंगावर शेण पडलं. सासऱ्यांचं घर सुटलं. पोटी मूल झालं नाही. अखेरची दोन वर्षं जोतिरावांनी पक्षाघाताने काढली, आणि आता तेही नाहीत. एकही गोष्ट झाकली नाही, एकीवरही गोड पांघरूण घातलं नाही. पुन्हा थांबल्या. आणि मग शेवटचा भाग आला. पुण्यात प्लेग आलाय. यशवंत डॉक्टर झालाय, फौजेत नोकरीला आहे. त्याला बोलावून घेऊन हडपसरजवळ माळरानावर दवाखाना घातलाय. मुंढव्याच्या वस्तीत एक पोर तापाने फणफणलंय, त्याला पाठीवर घेऊन यायचंय. बाईंनी टिटवं खाली ठेवलं, पदर खोचला, पाठीवर नसलेलं पोर घेतलं आणि चालत विंगेत गेल्या. संपलं.

त्या प्लेगनेच सावित्रीबाईंना नेलं, १० मार्च १८९७ रोजी, हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं. स्वगतात ते सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

बाहेर आल्यावर हवालदार बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "साहब, भाषा तो समझ में नहीं आई, पर ये तो हमारी तीजनबाई जैसी बात हुई." बरोबर ओळखलं होतं त्याने. गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी इथल्या माणसाच्या रक्तात आहे. एकटी बाई, हातात तंबुरा. तोच तंबुरा भीमाची गदा होतो. द्रौपदीही ती, दुःशासनही ती, भीमही ती. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधी गावोगावच्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. एकच माणूस समोर उभं राहून सगळ्यांचं दुःख बोलतं, तेव्हा ऐकणारा शब्दांपेक्षा त्या माणसाला ऐकतो. आपल्याकडे सुषमा देशपांडे यांनी 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग असाच वर्षानुवर्षं गावोगाव नेला. स्वतः लिहिलेला, स्वतः केलेला. रायपूरच्या बाईंनीही मला सांगितलं, की तरुणपणी तो प्रयोग पाहिला आणि तेव्हापासून हे डोक्यात होतं.

आता माझं मत सांगतो. त्यासाठी आधी फौजेतली एक गोष्ट समजून घ्या.

शहीद जवानाला मानवंदना देतात तेव्हा शोकशस्त्र होतं. हत्यारं उलटी होतात, माना खाली जातात. मग बिगुलर 'लास्ट पोस्ट' वाजवतो. मुळात हा रात्रीचा बिगूल. चौक्या तपासून झाल्या, दिवस संपला, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर दोन मिनिटं शांतता. आणि मग 'राउज' वाजतो. तो सकाळचा बिगूल, उठा म्हणणारा. ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांना दुःखाचं चांगलं कळत होतं. आधी संपलं हे मान्य करायचं, मग गप्प राहायचं, आणि त्यानंतरच उठायचं. क्रम बदलायचा नाही. मधली शांतता गाळायची नाही.

सावित्रीबाईंच्या स्वगतात नेमका हाच क्रम होता, म्हणून ते काळजात उतरलं. आशा शेवटी आली, पण ती वाक्य म्हणून आली नाही, काम म्हणून आली. "सगळं ठीक होईल" असं बाई एकदाही म्हणाल्या नाहीत. एक पोर आजारी आहे, त्याला उचलायचं आहे, एवढंच. माझ्या मते, दुःखाच्या बोलण्यात आशा खरी वाटते ती अशी. आधी नुकसान पुरतं सांगितलेलं असलं पाहिजे, आणि शेवटी हाताला काही काम असलं पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी राहतो तो नुसता धीर देण्याचा उपचार.

हे मी इतकं ठासून का सांगतोय? कारण मी स्वतः उलटं करून बसलोय.

काही वर्षांपूर्वी उत्तरेत बर्फाचा कडा कोसळून माझा जोडीदार गेला. एकाच तंबूत राहिलो, एकाच मगात चहा प्यायलो. त्याचं पार्थिव घेऊन त्याच्या गावी मी गेलो होतो. मानवंदना झाली, गर्दी झाली, घोषणा झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या आईसमोर बसलो. मावशींनी तोंड उघडलं, "काल राती मला वाटलं, बाळा..." आणि मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. धडाधडा वाक्यं म्हणत गेलो. तुमचा मुलगा अमर झाला, गावाचं नाव काढलं त्याने, रडू नका, आम्ही सगळे तुमचीच मुलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. पण मावशी गप्प झाल्या त्या झाल्याच. नंतर जेव्हा जेव्हा गेलो, चहा द्यायच्या, पिकापाण्याचं विचारायच्या. त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. मी लास्ट पोस्ट वाजूच दिला नव्हता, थेट राउज वाजवला होता.

मी काही दुष्टपणाने तसं केलं नाही. मला ते ऐकवणार नव्हतं म्हणून केलं. आपण दुसऱ्याला धीर देतो त्यातला निम्मा स्वतःला वाचवण्यासाठी असतो, हे आता कळतंय.

आमच्या जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे म्हणून गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. तिथे स्मारकाचा दगड आहे, त्यावर आकडा आहे. दगडाला सलाम करताना ऊर भरून येतो. पण त्या ४६ जणांच्या आया काय बोलल्या असतील हे दगड सांगत नाही. आकडा दगड जपतो. आवाज जपायला माणूसच लागतो, आणि तोही समोर ऐकणारा असेल तरच.

यावर कोणी म्हणेल, की आशेचा शेवट म्हणजे दुःखाशी बेइमानी. 'नटसम्राट' बघा. १९७० पासून कुसुमाग्रजांच्या गणपतराव बेलवलकरांची स्वगतं महाराष्ट्राला रडवतायत, त्यात कुठे आशा आहे? हा मुद्दा मी मान्य करतो. अंधार अंधारासारखा दाखवणारी कलाकृती मोठीच असते. पण थिएटरमधून माणूस घरी जातो. ज्याच्या घरातच अंधार आहे तो कुठे जाणार? त्याला दुसऱ्या दिवशी म्हशीची धार काढायची असते, पेन्शनच्या कागदांवर सही करायची असते, नातवाला शाळेत सोडायचं असतं. त्याला खोटी आशा नको आणि नुसता अंधारही नको. पदर खोचून उठणारी बाई दिसली, तर त्याला उठायला बळ येतं. सावित्रीबाईंचं स्वगत त्याच्यासाठी आहे.

दुसराही एक आक्षेप आहे, तो आमच्या लोकांचा. रडगाणं ऐकलं की जवानाचं मन कमकुवत होतं म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. त्या रात्री परत येताना, मेससाठीची भाजी उतरवता उतरवता, हवालदाराने पहिल्यांदा त्याच्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं. लहानपणी गावच्या तलावात गेलेला. आम्ही वर्षभर एकत्र काम करतोय, कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर सकाळी पीटीला सगळ्यांत पुढे तोच धावत होता. कमकुवत झालेला काही दिसला नाही मला.

मार्चमध्ये सुट्टी मिळाली तेव्हा मी मावशींकडे गेलो. या वेळी काहीही बोलायचं नाही असं ठरवून गेलो. चहा झाला. मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी सकाळी तुम्ही काहीतरी सांगत होता. मी मध्येच तोडलं. आता सांगता का?"

मावशी बराच वेळ चुलीकडे बघत राहिल्या. मी गप्प. दोन मिनिटांची शांतता परेडवर उभं राहून पाळणं सोपं असतं. चुलीपुढे बसून ती फार लांब असते.

मग म्हणाल्या, "काय न्हाय रं. मला वाटलं, त्याला लई थंडी वाजत आसंल." आणि तासभर बोलल्या. तो जन्मला तेव्हा पाऊस कसा होता, शाळेतून पळून कुठे लपायचा, भरतीला जाताना कोणाचे बूट मागून नेले होते. रडल्याही. मध्ये एकदा हसल्या. मी एकदाही "रडू नका" म्हणालो नाही. बोलणं संपल्यावर पदराने तोंड पुसलं आणि उठल्या. कोपऱ्यातली जुनी ट्रंक ओढून म्हणाल्या, "ह्यात त्येची लोकरीची दोन पांघरुणं हायती. धुऊन ठिवल्यात. तुमच्यातलं कुणी नवं पोरगं थंडीला जाणार आसंल तर त्येला दे."

दोन्ही पांघरुणं इथे माझ्या पेटीत आहेत. रायपूरच्या उन्हाळ्यात त्यांचा काही उपयोग नाही. पण आमच्यातला एक पोरगा सप्टेंबरमध्ये वर जातोय. त्याला ती द्यायची आहेत, आणि देताना ती कोणाची हेही सांगायचं आहे. सगळं, पहिल्यापासून.