डोंगरीला कुणी विचारलं?

डोंगरी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना मुंबईची डोंगरी आठवते. सँडहर्स्ट रोड स्टेशन, चार नळ, रमजानमध्ये सहरीपर्यंत जागी राहणारी दुकानं. कुणाची ना कुणाची खाला, फुफी तिथे राहतेच. आज लिहायचं आहे ते दुसऱ्या डोंगरीविषयी. भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली की राई, मुर्धे, मोर्वा ही गावं मागे पडतात आणि मग डोंगराच्या कडेने ही डोंगरी लागते. नारळाची झाडं, भाजीचे वाफे, पोर्तुगीज काळापासूनचं चर्च. वस्ती मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेतकऱ्यांची, पुढे समुद्राकडे कोळ्यांची. घरात बोलतात ती मराठीच, त्यांच्या वळणाची.

मी मिरा रोडला राहते. डोंगरीपासून फार लांब नाही, तरी वर्षानुवर्षं तिकडे गेले ती फक्त उत्तनच्या समुद्रावर, मुलांना घेऊन, ईदच्या दुसऱ्या दिवशी. वाटेतल्या डोंगराकडे बसच्या खिडकीतून पाहायचं, एवढंच.

या डोंगरावर मेट्रोची कारशेड येणार असं ठरलं. दहिसरहून मिरा-भाईंदरला येणारी मेट्रो ९ आणि अंधेरीहून विमानतळाकडे जाणारी ७ अ, या दोन्ही मार्गांच्या गाड्या उभ्या करायला आणि दुरुस्त करायला जागा हवी. आधी ती राई, मुर्धे, मोर्वा या गावांत धरली होती. तिथे लोकांची घरं आणि शेतजमिनी जात होत्या. गावं एकत्र आली, मोर्चे निघाले, आणि कारशेड पुढे डोंगरीला सरकली. डोंगरीची जागा सुमारे ५९ हेक्टर, आणि ती सरकारी. कुणाचा सातबारा आड येत नाही. फक्त झाडं आड येतात, बारा हजारांहून जास्त. २०२५च्या मार्चमध्ये महापालिकेने झाडं तोडण्याची जाहीर नोटीस काढली तेव्हा हजारो लोकांनी हरकती दाखल केल्या.

शेजारच्या आपांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी सरळच विचारलं, "अगं, पण मेट्रो नको का तुला? साडेआठच्या लोकलला लटकून जातो तो माझा मुलगा आहे."

मेट्रो हवी आहे, आणि हे आधी कबूल करते, कारण पुढचं सगळं त्याशिवाय खोटं वाटेल. २०२५च्या मेमध्ये दहिसर ते काशीगाव चाचणीची गाडी धावली तेव्हा नया नगरमधल्या किती घरांनी हिशेब मांडले असतील, कॉलेजला किती वेळ लागेल, दवाखान्यात कसं जाता येईल. सोय आपली आहे. म्हणूनच हा प्रश्नही आपला आहे. आपल्या सोयीचं बिल कुणाच्या दारात जातंय, हे बघायला नको का?

आता 'विचारणं' म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे 'हरकत' आणि 'संमती' हे दोन शब्द सरकारी कागदांत अगदी शेजारी राहतात. अर्थ मात्र उलटे आहेत. संमती मागितली तर समोरच्याला नाही म्हणता येतं आणि त्याच्या नाहीने काम थांबतं. हरकत मागवली तर काम आधीच ठरलेलं असतं. तुमचं म्हणणं ऐकून घेतलं, अशी फाइलवर नोंद होते. झाडांच्या बाबतीत महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. त्यात नोटीस, सात दिवसांची मुदत आणि हरकती, असा रस्ता आहे. म्हणजे डोंगरीकरांना जे विचारलं गेलं ते 'झाडं तोडू का' असं. 'डोंगर देता का' असं विचारायची पद्धतच त्यात नाही.

लग्नाच्या वेळी काझीसाहेब मुलीची कबुली घेतात. मंडप घालून, पाहुणे जेवायला बसवून मग मुलीला 'काही हरकत आहे का' असं विचारलं तर त्याला आपण रजामंदी म्हणू का?

विचारायची पद्धत देशात कुठेच नाही, असंही नाही. आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६चा पेसा कायदा आहे. त्यात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करायची आहे. शब्द 'सल्लामसलत' असाच आहे, तो लक्षात ठेवा. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचा पिढीजात हक्क मान्य केला, आणि २००९मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून सांगितलं की वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती जोडा. २०१३च्या भूसंपादन कायद्यात अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती आली. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आणि सरकार-खासगी भागीदारीत ७० टक्क्यांची संमती लागेल, असंही त्यात आलं. सरकार स्वतःच्या प्रकल्पासाठी घेत असेल तर ही टक्केवारी लागू नाही.

या कायद्यांचं वजन काय असतं ते ओडिशाच्या नियमगिरी डोंगरावर दिसलं. तिथे बॉक्साइटची खाण होणार होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ला सांगितलं की डोंगराला दैवत मानणाऱ्या लोकांच्या ग्रामसभांना विचारा. बारा गावांत सभा झाल्या. बाराही गावांनी नको म्हटलं आणि पुढच्या वर्षी खाणीची परवानगी केंद्राने नाकारली. त्या जमातीचं नाव डोंगरिया कोंध.

आपल्या डोंगरीच्या लोकांचं काय? हे लोक स्वतःला इथले मूळ रहिवासी म्हणतात आणि त्यांच्या पिढ्या त्याची साक्ष देतात. पण कायद्याच्या यादीतले आदिवासी ते नाहीत. मिरा-भाईंदर अनुसूचित क्षेत्रात नाही. आणि ग्रामसभा? ती एकेकाळी होती, डोंगरीची ग्रामपंचायत होती. १९८५मध्ये मिरा-भाईंदर नगरपालिका झाली, पुढे डोंगरी, उत्तन, राई-मुर्धे या पंचायती तिच्यात ओढल्या गेल्या, २००२मध्ये महापालिका आली. रस्ते, दिवे, नळ येतील म्हणून गावं शहरात गेली. जाताना सगळ्यांनी एकत्र बसून नाही म्हणायची जागा मागेच राहिली. महापालिकेत नगरसेवक असतो, वॉर्ड असतो, पण गाव नसतं. याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, काशीमीऱ्याच्या बाजूला, वारल्यांचे पाडे आहेत. ते यादीतले आदिवासी आहेत, पण तेही महापालिका हद्दीतच. गोरेगावच्या आरेमध्ये पाडे होते, जंगल होतं, तरी ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री झाडं कापायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती.

'सरकारी जागा' हा शब्द ऐकला की आपण पुढचं विचारणं सोडतो. सरकारी म्हणजे मोकळी, मोकळी म्हणजे कुणाचीच नाही. पण डोंगराखालच्या विहिरींना पाणी कुठून येतं? गावकऱ्यांचं म्हणणं हेच आहे की डोंगरावरचं रान गेलं तर खालच्या विहिरी आणि वाड्या वाळतील. सातबाऱ्यावर डोंगर त्यांचा नाही. पाणी मात्र त्यांच्या घरात येतं.

ही गोष्ट आपल्या लोकांना परकी वाटू नये. रत्नागिरी जिल्ह्यातलं साखरी नाटे आठवून पाहा. जैतापूरचा अणुप्रकल्प जाहीर झाला, ९,९०० मेगावॉटचा. जमीन घेतली ती माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या बाजूची. साखरी नाट्याच्या मुसलमान मच्छीमारांची जमीन गेलीच नाही, म्हणून कागदावर ते फारसे बाधित नव्हते. त्यांचं जाणार होतं ते खाडीच्या तोंडाशी, समुद्रात, जिथे सातबारा नसतो. ते रस्त्यावर उतरले. १८ एप्रिल २०११ला गोळीबार झाला आणि एक तरुण मच्छीमार मारला गेला. नियमगिरीच्या निकालाची तारीखही १८ एप्रिलच, बरोबर दोन वर्षांनंतरची. योगायोग आहे, पण माझ्या डोक्यातून जात नाही. नाट्याच्या वेळी आपण सगळे म्हणत होतो, 'जमीन नाही म्हणून काय झालं, समुद्र त्यांचा नाही का?' तोच प्रश्न डोंगरीच्या डोंगराबद्दल विचारायला आपण एवढे का कचरतो?

थोडं खरं बोलू. २०२५मध्ये याच बाजूच्या चौकचा बाले शाह पीर दर्गा चर्चेत आला, पाडापाडीची भाषा झाली, जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. त्या दिवसांत माझ्या फोनवर संदेशांचा पाऊस होता. मार्चमध्ये झाडांची नोटीस निघाली तेव्हा एकही आला नव्हता. मीही कुणाला पाठवला नव्हता.

आपल्या इतिहासात या प्रश्नाचं एक प्रकरण आहे, आणि ते मशिदीच्याच बांधकामाचं आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत मदिन्यात मस्जिदे नबवी लहान पडू लागली. वाढवायची तर शेजारी हजरत अब्बास (रजि.) यांचं घर. खलीफांनी तीन पर्याय ठेवले: बैतुलमालमधून हवी ती किंमत घ्या, मदिन्यात हवी ती जागा घ्या, मी घर बांधून देतो, नाहीतर मुसलमानांसाठी सदका म्हणून द्या. अब्बास (रजि.) यांनी तिन्ही नाकारले. तेव्हा दोघांच्या पसंतीने उबई बिन कअब (रजि.) यांच्याकडे निवाडा गेला. उबई यांनी हजरत दाऊद (अलै.) यांची गोष्ट सांगितली: बैतुल मुकद्दस बांधताना आखणीत एका माणसाचं घर आलं, तो विकेना, ते हिसकावून घ्यावं असं मनात आलं तेव्हा अल्लाहकडून समज मिळाली की माझ्या घरात जबरदस्तीने घेतलेली जागा चालणार नाही. निकाल खलीफांच्या विरुद्ध लागला. उमर (रजि.) यांनी बाकीच्या सहाबांकडे खातरजमा केली आणि मागणी सोडली. मागणी सुटल्यावर अब्बास (रजि.) यांनी तेच घर मुसलमानांना फुकट देऊन टाकलं.

सार्वजनिक कामाचं यापेक्षा मोठं कारण कुठलं असेल? तरी ते पुरेसं ठरलं नाही.

यावर कुणी म्हणेल, अब्बास (रजि.) यांचं ते मालकीचं घर होतं, डोंगर तर सरकारी आहे. त्यासाठी दुसरी नोंद, बुखारीतली. उमर (रजि.) यांनी काही कुरणं राखीव केली होती, बैतुलमालच्या जनावरांसाठी. ती आजच्या भाषेत सरकारी जागाच. तिथे हुनै नावाचा माणूस नेमताना त्यांनी त्याला बजावलं की मजलूमाच्या बददुआची धास्ती ठेव. ज्याच्याकडे थोडे उंट, थोड्या बकऱ्या आहेत त्याला आत येऊ दे. बड्या कळपवाल्यांची काळजी करू नकोस, त्यांची जनावरं मेली तरी त्यांच्याकडे बागा आणि शेती आहे, गरिबाची मेली तर तो पोरंबाळं घेऊन माझ्या दारात उभा राहील. आणि मग ते जे म्हणाले ते मला सगळ्यात मोठं वाटतं. या लोकांना वाटतंय मी त्यांच्यावर अन्याय केला, असं ते कबूल करतात आणि सांगतात की ही भूमी त्यांचीच आहे, इस्लामच्या आधीपासून ते हिच्यासाठी लढले आहेत. कुरण सरकारी केलं तो स्वतः खलीफा, आणि तिथल्या लोकांचा हक्क मानणाराही तोच.

आज कुठल्या अधिकाऱ्याने डोंगरीत जाऊन एवढंच म्हटलं असतं, की हा डोंगर कागदावर सरकारचा असला तरी तुमचा आहे हे आम्ही जाणतो, आता सांगा काय करायचं, तर बोलणं तिथून सुरू झालं असतं. कदाचित गावाने दुसरी जागा सुचवली असती. कदाचित थोडी जागा दिलीही असती. हरकतींच्या गठ्ठ्यातून हे कधी कळत नाही, कारण त्यात फक्त 'नको' लिहायला जागा असते.

आपांना मी हे सगळं सांगितलं नाही, त्यांच्या चुलीवर दूध होतं. फक्त एवढं सांगितलं की झाडांची नोटीस वर्तमानपत्रात येते, महापालिकेच्या संकेतस्थळावर येते, आणि हरकत साध्या कागदावर मराठीत लिहिता येते: नोटिशीची तारीख, जागा, आपलं म्हणणं, नाव, पत्ता, सही. आवक कक्षात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा. तो शिक्का विसरायचा नाही. सुनावणी लागली तर जायचं, दोघी-तिघींनी मिळून जायचं.

"पण पत्ता तर आपला मिरा रोडचा," आपा म्हणाल्या. "डोंगरीच्या कामात तो चालेल?"

"चालतो," मी म्हटलं.

"मग लिही तू, सही मी करते. आणि त्यात हेही टाक की मेट्रो आम्हाला हवी आहे."