शैक्षणिक कर्जाला कायदा हवा

विद्यार्थ्यांच्या कर्जाचा भार करदात्यावर टाकण्याचा अधिकार कोणाचा, मंत्र्याचा की संसदेचा, यावरून अमेरिकेत गेली काही वर्षे रण पेटले आहे. ३० जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बायडेन सरकारची सुमारे ४३० अब्ज डॉलरची कर्जमाफी रद्द केली. एवढा खर्च संसदेच्या स्पष्ट संमतीवाचून करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने तर पदवीनंतरच्या शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी कर्जालाच कात्री लावली. गरिबाच्या पोराचे दार बंद करणारी ही कात्री आम्हाला मान्य नाही. पण सरकारी पैशाचा निर्णय उघडपणे, कायदेमंडळात व्हावा, हे तत्त्व मूर्तिजापूरच्या पालकाच्याही कामाचे आहे.

कारण आपल्याकडे शैक्षणिक कर्जासाठी स्वतंत्र कायदाच नाही. बँक संघाची आदर्श योजना, रिझर्व्ह बँकेची परिपत्रके आणि मंत्रिमंडळाचे निर्णय यांवर सारा डोलारा उभा आहे. चार लाखांपर्यंत तारण मागायचे नाही, हा नियम कागदावर आहे. प्रत्यक्षात बाप सेतू केंद्रातून उत्पन्नाचा दाखला काढतो, सातबारा, आठ-अ, बोनाफाईड आणि कॉलेजच्या फीचे पत्रक जोडून फाइल शाखेत नेतो, आणि तिथे त्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, पाहिला जातो. सोयाबीन हातचे गेले, पीककर्ज थकले, की मुलीची फाइल तिथेच अडते. थकबाकी बापाची आणि शिक्षा मुलीला, हा कुठला न्याय? सिबिल कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. पण त्यासाठी वऱ्हाडातल्या किती बापांना हायकोर्टाची पायरी चढणे परवडेल?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. सात वर्षांसाठी ३,६०० कोटी, तारण नाही, जामीनदार नाही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. योजना चांगली आहे. पण ती राष्ट्रीय मानांकनात वर असलेल्या, सुरुवातीला ८६० संस्थांपुरतीच. म्हणजे गरज मुलाची आणि मोजमाप कॉलेजच्या क्रमांकाचे. साडेचार लाखांच्या आतल्या कुटुंबांसाठी २००९ पासून व्याज अनुदान आहे आणि २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के सरकारी हमीही आहे; मात्र आधी शाखेने कर्ज मंजूर केले तरच त्यांचा उपयोग. राज्याने २०२४ मध्ये मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे मोठे काम झाले. तरी पुण्या-नागपूरची खोली आणि मेस उरतेच.

गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्याच दापुऱ्यात, मामाकडे गेले. सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेलेली त्यांनी पाहिली. म्हणून कर्ज काढू नका, आणि घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल पण पोरांना शिकवा, या दोन्ही शिकवणी ते कीर्तनातून देत राहिले. आज यातली एक पाळायची तर दुसरी मोडावी लागते. शिक्षण इतके महाग होऊ देणाऱ्या सरकारांनी त्याची जबाबदारी घेतलीच पाहिजे.

करदात्याच्या पैशाची काळजी आम्हालाही आहे. फवारणीच्या औषधावर जीएसटी भरणारा शेतकरीही करदाताच आहे. त्याच्या पैशातून दिलेल्या हमीत किती कर्जे बुडाली, कोणत्या बँकेने किती अर्ज नाकारले, याचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे आला पाहिजे. हमी कॉलेजच्या क्रमांकावर नव्हे, कुटुंबाच्या उत्पन्नावर द्यावी. पालकाचे थकलेले पीककर्ज हे नकाराचे कारण धरू नये. नकार द्यायचाच तर तो लेखी आणि प्रवेशाची मुदत संपण्याआधी द्यावा. हे सारे परिपत्रकात नको, कायद्यात हवे. परिपत्रक उद्या दुसऱ्या परिपत्रकाने बदलते. अकोला आणि अमरावतीच्या खासदारांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक आणावे, आणि पुढच्या प्रवेशांपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांनी बँकांच्या बैठकीत नाकारलेल्या अर्जांची शाखावार यादी मागवावी.